मडके फुटलेली सुईण

प्रभूच्या लेकरांनो, ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, त्या दिवशी येशूशरण महाराज प्रवरेकाठच्या बोरखडी गावी मुक्कामाला होते. महाराज एरवी एका गावात टिकत नसत. अंगात मांजरपाटाची कफनी, खांद्याला एकतारी आणि झोळीत शुभवर्तमानाची विटलेली प्रत, एवढा त्यांचा संसार. आज या वाडीवर कीर्तन, उद्या त्या. पण प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण जवळ आला, की त्यांचे पाय आपसूक बोरखडीकडे वळत. तिथल्या मंडळीला कायमचा पाळक नव्हता. सणाच्या सकाळी महाराजांनीच प्रभुभोजनाची भाकर मोडावी, असा तिथला रिवाज पडून गेला होता.

बोरखडीचा आणखी एक रिवाज होता. सणाच्या दिवशी कुणी 'प्रभू उठला आहे' अशी हाळी दिली, की ऐकणाऱ्याने हातचे काम टाकून आधी 'खरोखर उठला आहे' असे उत्तर द्यायचे. उत्तर दिल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. पोरे इतकी व्रात्य, की म्हाताऱ्यांच्या तोंडात घास असतानाच नेमकी हाळी द्यायची. म्हातारे तो घास कसाबसा गिळून उत्तर द्यायचे आणि मग पोरांच्या मागे काठी घेऊन धावायचे.

या मंडळीचे वडील होते एज्राबापू. वडील म्हणजे मंडळीचे पुढारी. माणूस नाकापुढे चालणारा. देवळाच्या भिंतीचे दगड त्यांनी स्वतःच्या पाठीवरून वाहिले होते. त्यांच्याविषयी खोटेनाटे बोलायला गावात कुणाची जीभ उचलत नसे. बापूंच्या आज्यापणज्यांना पिढ्यान् पिढ्या लोकांनी दुरून पाणी वाढले होते, सावलीसुद्धा टाळली होती. ते बापूंच्या काळजात लहानपणापासून सलत होते. मोठेपणी त्यांनी मनाशी पण केला, की आपली मंडळी इतकी शुद्ध ठेवायची, इतकी शुद्ध, की पुन्हा कुणाची आपल्याला ओवळे म्हणायची छाती होऊ नये. मग त्यांनी जुन्या कराराचे लेवीयाचे पुस्तक उघडले आणि एकेक नेम त्यातून काढून मंडळीला लावला.

देवळासमोर कडुनिंब होता. त्याच्या अलीकडे बापूंनी चुन्याची एक रेघ ओढली होती. जो मढ्याला शिवला असेल, बाळंतिणीच्या खोलीत गेला असेल, त्याने सात दिवस रेघेच्या पलीकडे, निंबाखाली बसायचे. भजन ऐकायचे, पण प्रभुभोजनाची भाकर त्याच्यापर्यंत जायची नाही. निंबाच्या बुंध्याशी चुन्याचे एक मडके कायम ठेवलेले असे. दर शनिवारी बापू केकताडाचा कुंचला घेऊन रेघ पुन्हा पांढरीफेक करीत. ज्या रेघेने त्यांच्या आज्याला बाहेर ठेवले होते, तीच आपण आपल्या अंगणात ओढतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात कधी आलेच नाही. माणसाचे असेच असते बघा.

त्या रेघेच्या पलीकडे बाकीचे लोक अधूनमधून बसत. एक बाई मात्र तिथली कायमची रहिवासी होती. तिचे नाव गवराबाई.

गवराबाई सुईण होती. पंचक्रोशीत दुसरी सुईण नव्हती. नवरा जाऊन वर्षे लोटली होती, पोटी मूलबाळ नव्हते, आणि महाराजांचे कीर्तन ऐकून तिने प्रवरेच्या डोहात बाप्तिस्मा घेतला होता. तिचे माहेर नदीच्या पलीकडच्या काठाला. भावांना हे कळले तेव्हा त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांच्या रीतीप्रमाणे केले. भाऊबंद काठावर जमले. थोरल्याने तिच्या नावाचे मडके पाण्याने भरून खांद्यावर घेतले, त्याला भोके पाडली, फेरे घातले आणि ते दगडावर आपटून सगळे मागे न बघता निघून गेले. जिवंत बहिणीचे क्रियाकर्म! गवराबाई अलीकडच्या काठावर धुणे धूत होती. तिने ते सगळे डोळ्यांनी पाहिले, आणि पिळायला घेतलेले लुगडे हातात तसेच राहिले.

तेव्हापासून तिला नावच पडले, मडके फुटलेली. बोरखडीतल्या बायाही भांडणात तेच काढायच्या. या नावाइतके तिला दुसरे काही लागत नसे.

त्यात प्रभुभोजन महिन्यातून एकदा, बाहेरगावचा पाळक येई तेव्हा, आणि पोटातली लेकरे काही पंचांग बघून येत नाहीत. भोजनाच्या आठवड्यात कुठे ना कुठे कुणी अडायची आणि गवराबाईला बोलावणे यायचे. आजारी पडायला माणसाला सवड मिळेल, पण सुईणीला शुद्ध राहायला सवड नाही. बाप्तिस्म्यापासून इतकी वर्षे झाली, प्रभूच्या पंगतीला ती एकदाही बसली नव्हती. निंबाखाली बसून ती बघायची, की भाकरीचे ताट या हातातून त्या हातात चालले आहे. ताट दिसेनासे झाले की ती मान खाली घालून मातीत बोट फिरवीत बसायची.

बापू तिला टोमणे मारायचे. म्हणायचे, "गवराबाई, तुझी तऱ्हा न्यारी. तिकडच्यांनी मेली म्हणून सोडली, आणि इकडे विटाळातून सुटत नाहीस. ना तिकडची ना इकडची." मंडळी हसायची. गवराबाईही कसनुसे हसायची. काय करणार? बापूंनी म्हटले ते तिलाही मनातून खरेच वाटत होते. देवाला आपले हात आवडत नसणार, अशी तिची समजूत झाली होती.

त्या वर्षी मात्र नवल झाले. सणाआधीचा दुःखसप्ताह सगळा कोरडा गेला, एकही बोलावणे आले नाही. शनिवारी बापू रेघ ओढायला आले तेव्हा गवराबाई समोर जाऊन उभी राहिली आणि तिने विचारले, की उद्या आत येऊ का? बापूंनी मनातल्या मनात दिवस मोजले. नेमात कुठेच बोट ठेवायला जागा नव्हती. "ये," ते म्हणाले, "पण उद्या सकाळपर्यंत जप." त्या संध्याकाळी गवराबाईने एकुलते एक धड लुगडे धुऊन वाळत घातले आणि देवाजवळ एवढेच मागितले, की उद्या दुपारपर्यंत कुणाला वेणा येऊ नयेत.

तिला ठाऊक नव्हते, की त्याच वेळी बापूंच्या घरी त्यांची सून रूथ हिला वेणा सुरू झाल्या होत्या. दिवस पुरते भरलेले नव्हते. बापूंनी ही गोष्ट झाकून ठेवली. सणाच्या तोंडावर घरात सुईण नको, म्हणून त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यातून नर्सबाईंना आणायला गाडी जुंपून दिली. रूथजवळ घरातली एक म्हातारी आत्या बसली. पहिलटकरीण आहे, उशीर लागतोच, असे म्हणून बापूंनी स्वतःची समजूत घातली आणि स्वतः खोलीपासून लांब राहिले. सकाळी ताट फिरवायचा मान त्यांचा होता ना!

सणाची सकाळ उजाडली. हाळी आणि उत्तर यांनी गाव दुमदुमला. गवराबाईने रेघ ओलांडली तेव्हा तिचा पाय अडखळला. आत जाऊन ती बायांच्या रांगेत बसली. महाराजांनी एकतारी छेडली, कीर्तन रंगले, आणि मग त्यांनी भाकर मोडून ताट बापूंच्या हाती दिले. बापू एकेकासमोर ताट धरीत पुढे सरकू लागले. गवराबाईचे लक्ष दुसरीकडे कुठेच नव्हते. ताट तिच्यापासून तीन माणसांवर आले.

इतक्यात बाहेरून हाक आली. बापूंचा मुलगा अमोस रेघेपलीकडे उभा होता. धावत आल्याने त्याला धाप लागली होती, तरी पाय रेघेच्या आत पडत नव्हता, कारण तो बाळंतिणीच्या खोलीतून आला होता. बायको मरणाला टेकलेली आणि पोरगा चुन्याच्या रेघेवर खिळलेला! बापू ताट घेऊनच दाराशी गेले. अमोस सांगू लागला, की गाडी रिकामी परत आली, नर्सबाई दुसऱ्याच गावाला गेल्या आहेत. मग त्याचा आवाज फुटला.

"बापू, लेकराचा हात बाहेर आलाय. नुसता हात."

रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावला. हात आधी येणे म्हणजे काय, हे त्या सगळ्यांना माहीत होते. मूल आडवे होते. गवराबाईने अशा बाळंतिणी पूर्वी पाहिल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचजणींच्या मातीलाही ती गेली होती.

तिने एकदा ताटाकडे पाहिले. मग ती उठली.

बापूंनी तिला उठताना पाहिले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. सुनेवर त्यांचा जीव होता, हे खोटे नाही. पण ज्या माणसाने दुसऱ्याला कधी सूट दिली नाही, त्याला स्वतःच्या घरासाठी सूट मागायची लाज वाटते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "गवराबाई, जा. माझ्या लेकीला वाचव. पण मी तुला खोटी आशा लावणार नाही. त्या खोलीत गेलीस की पुन्हा सात दिवस. नेम माझ्या घरासाठी वेगळा नाही."

गवराबाईच्या डोळ्यांत पाणी आले. दारातून बाहेर पडताना ती महाराजांसमोर थांबली. तिला म्हणायचे होते, की महाराज, माझी भाकर पुन्हा हुकली.

महाराज म्हणाले, "गवराबाई, तुझ्या भावांनी तुझ्या नावाचं काय फोडलं होतं?"

भर मंडळीत महाराजांनी ते काढावे, हे तिच्या जिव्हारी लागले. ती कशीबशी म्हणाली, "मडकं."

"मडकं कुणाच्या नावाचं फोडतात?"

"मेलेल्याच्या."

"आणि मेलेल्याला विटाळ लागतो का गं?"

आयुष्यभर तिने मेलेल्यांचे सुतक धरणारे पाहिले होते. सुतक धरते ते घर. मढे कधी सुतक धरत नाही.

"त्यांनी फोडलं ते खरंच होतं, बाई," महाराज म्हणाले. "डोहात तू प्रभूबरोबर मेलीस. नेम जित्या माणसावर चालतो, मेलेल्यावर त्याचा काय हक्क? आता तुझ्यात जो जगतो तो प्रभू आहे. तू त्याची झालीस, जशी लेक सासरची होते. जा. त्याला विटाळ लागत नाही."

मग त्यांनी बापूंच्या हातातून ताट घेतले, त्यावर फडके झाकले आणि ते मंडळीला म्हणाले, की पंगत मोडलेली नाही, थांबली आहे; कुणी उठू नका. तोवर गवराबाई रेघ ओलांडून धावत सुटली होती.

बापूंच्या घरी माजघराशेजारच्या खोलीत रूथ पडली होती. चेहरा पिठासारखा, ओठ सुकलेले. गवराबाईला पाहून तिने हात धरला आणि विचारले, "मावशे, मी जाते का गं?" गवराबाईने तिला दटावले, की असे अभद्र बोलू नये. आत्याला पाणी तापवायला सांगितले, हात धुतले आणि ती कामाला लागली.

जेवढे ठाऊक होते तेवढे सगळे तिने केले. वेण ओसरली की पोटावरून हळूहळू सरकवायचे, आतून लेकराची कूस चाचपायची, उशी देऊन बाळंतिणीला कलवायचे. मूल तसूभरही हलेना. ती पुन्हा पुन्हा करीत राहिली. रूथचे कण्हणे हळूहळू बारीक होत चालले. मोठ्याने ओरडणारी बाळंतीण बरी, पण गप्प होत जाणारी सुईणीच्या काळजाचे पाणी करते. दाराबाहेर बापूंच्या येरझाऱ्यांचा आवाज येत होता. कोपऱ्यातून आत्या पुटपुटली, की सणासुदीला सुईण पंगतीत बसली, मग असेच व्हायचे.

ते शब्द गवराबाईच्या नेमके वर्मी बसले. खरेच, आपलेच तर काही चुकले नाही? सकाळी रेघ ओलांडताना पाय अडखळला होता. मागच्या आठवड्यात आपण एका म्हातारीच्या मयताला गेलो होतो, तेव्हा दुरूनच उभे राहिलो, की शिवलो? एकेक चूक तिला आठवू लागली, आणि भीतीने तिच्या तोंडून नवस निघू लागले. देवा, मी पुन्हा रेघेच्या आत पाय ठेवणार नाही. देवा, मी जन्मभर निंबाखाली बसेन. माझी भाकर कायमची घे, पण हिला सोड. असे बोलत ती जोर लावीत होती, आणि जितकी बोलत होती तितके तिचे हात कापत होते.

रूथचे डोळे मिटू लागले. आणि त्या क्षणी, का कोण जाणे, गवराबाईला पलीकडच्या काठावरच्या दगडावर फुटणारे मडके दिसले. खापऱ्या चहूकडे उडाल्या होत्या आणि पाणी वाहून गेले होते. तिच्या मनात आले, मी नवस कसला बोलते आहे? मेलेली बाई कशाने फेडणार? माझ्याजवळ द्यायला आहे काय? आणि देव माझ्याकडे काही मागतो आहे, हे मला कुणी सांगितले?

ती बोलायची थांबली. हात कापायचे थांबले नाहीत, पण तिने ते आवळून धरायचे सोडून दिले.

"परभू," ती हळूच म्हणाली, "ह्ये हात माजे न्हाईतच. तुजे हायेत. तुजं तू बघ."

गवराबाई पुढे जन्मभर सांगत असे, की त्या वेळी तिच्या हातांवर कुणाचे तरी हात आले. ऊबदार आणि चांगले राकट, जन्मभर सुतारकी केलेल्या माणसाचे असावेत तसे. तिने जोर लावला नाही. तरी पोटातले लेकरू, कुशीवर निजलेले मूल आईने झोपेतच वळवावे तसे, अलगद वळले. बाहेर आलेला हात आत गेला आणि पाय पुढे आले. पुढच्या वेणेला मुलगा झाला.

पण मुलगा निळा होता आणि निपचित होता.

तिने पालथे धरून पाठ चोळली. काही नाही. तिकडे रूथच्या अंगावरून रक्त सुटले, थांबेना. आता काय करावे? बाळंतिणीचे पोट दाबून धरायला दोन्ही हात हवेत, आणि लेकराला श्वास द्यायलाही दोन्ही हात हवेत. आत्या भिंतीला टेकून थिजली होती. गवराबाईने दाराकडे तोंड करून हाक मारली.

"बापू, आत या. लेकरू धरा."

येरझाऱ्या थांबल्या. बाळंतिणीच्या खोलीत सासऱ्याने पाऊल टाकायचे ही लाजच निराळी, आणि वर एज्राबापूंनी! ज्यांनी अख्ख्या गावाला सात सात दिवस बाहेर बसवले, त्यांनी आता रक्ताने माखलेले मूल हातात घ्यायचे. उंबऱ्यावर त्यांची पावले दिसत होती. आत येत नव्हती, मागेही जात नव्हती.

"बापू," गवराबाई म्हणाली, "तुमचा नेम ऱ्हाईल, नातू न्हाई ऱ्हायचा."

बापू आत आले. डोळे भिंतीकडे वळवून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तिने लेकरू त्यांच्या हातात घातले आणि सांगितले, की नाकातोंडावर तोंड ठेवून हळू फुंकर घाला, थांबू नका. पांढऱ्याशुभ्र धोतरावर रक्त ओघळले. बापू खाली बसले आणि फुंकर घालू लागले. एकदा, पुन्हा, पुन्हा. ते चिमुकले अंग थंडच राहिले. गवराबाई दोन्ही तळवे रूथच्या पोटावर रोवून बसली होती. तिला वळून बघायचीही सोय नव्हती. तिला फक्त बापूंची फुंकर ऐकू येत होती, आणि फुंकरीमागून दाबलेला हुंदका.

तेवढ्यात अंगणात एकतारीची तार वाजली. महाराज उंबऱ्याशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी काही विचारले नाही. नेहमीच्या मोकळ्या आवाजात त्यांनी सणाची हाळी दिली.

"प्रभू उठला आहे!"

उत्तर द्यायला कुणीच नव्हते. बापूंचे तोंड लेकराच्या तोंडावर होते. गवराबाई ओठ आवळून रूथचे पोट दाबत होती. आत्याची वाचा बसली होती, रूथ बेशुद्धीच्या काठावर होती, आणि अंगणात अमोस तोंड झाकून रडत होता. बोरखडीत सणाच्या दिवशी हाळी दिली आणि उत्तर आले नाही, असे कधी घडले नव्हते.

आणि उत्तर आले. बापूंच्या हातातले लेकरू थरथरले, त्याने तोंड वासले आणि टाहो फोडला. खोली त्या आवाजाने भरून गेली! रडे कसले, लेकरांनो, तेच उत्तर होते. त्या घरातल्या सर्वांत धाकट्याने ते सर्वांच्या आधी दिले. गवराबाईच्या तळव्यांखाली रक्त ओसरू लागले. रूथने डोळे उघडून विचारले, "रडलं?"

महाराज हसले, एकतारी खांद्याला लावली आणि देवळाकडे परत गेले.

बाळंतिणीचे सगळे नीट आवरून गवराबाई बाहेर आली तेव्हा ऊन चढले होते. हात धुतले होते, पण लुगड्याच्या काठाला रक्ताचे डाग तसेच होते. ती देवळाकडे निघाली. मंडळी अजून थांबली असेल, असे काही तिला वाटत नव्हते. सवयीने तिची पावले निंबाकडे वळली, आणि तिथे पाहते तो बापू आधीच बसलेले.

एज्राबापू रेघेच्या पलीकडे, तिच्या नेहमीच्या जागेवर, रक्ताळलेल्या धोतरानिशी बसले होते. देवळाच्या दारात मंडळी दाटीवाटीने उभी होती, आणि झाकलेले ताट घेऊन महाराज पुढे उभे होते. महाराजांनी बापूंना हाक मारली, की या, पंगत खोळंबली आहे. बापूंनी मान हलवली.

"मला येता येत नाही, महाराज. रेघ मीच ओढली आहे."

ज्या माणसांना त्यांनी इथे बसवले होते, ती सगळी समोर होती. पण बापूंचा चेहरा बघून कुणाला हसू आले नाही.

गवराबाई त्यांच्याजवळ गेली. म्हणाली, "बापू, उठा. डोहात तुमीबी उतरला व्हता न्हवं? मेलेल्याला इटाळ नसतो."

"मी मेलोच नाही, गवराबाई," बापू म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "इतकी वर्षं मी नुसता स्वच्छ राहिलो."

गवराबाई शिकलेली नव्हती. तिने निंबाच्या बुंध्याकडे बोट केले. म्हणाली, "मडकं हाय की हितं."

बापूंनी वळून पाहिले. बुंध्याशी चुन्याचे मडके होते, कालचा कुंचला त्यात तसाच उभा. मग ते उठले. कुंचला काढून त्यांनी बाजूला टाकला, मडके उचलले आणि मसणवटीत मुलगा बापाचे मडके घेतो तसे खांद्यावर घेतले. बापू चालत आले, रेघेवर उभे राहिले आणि पाठीमागे हात सोडून त्यांनी ते मडके टाकून दिले. खापऱ्या उडाल्या. चुना रेघेवर, मातीवर, बापूंच्या पायांवर सांडला, आणि रेघ कुठली नि मोकळी जमीन कुठली, काही कळेनासे झाले. मडके फोडल्यावर मागे बघायचे नसते. बापूंनी बघितले नाही.

ते सरळ महाराजांच्या पायाशी जाऊन पडले. महाराजांनी त्यांना उठवले, ताटावरचे फडके काढले आणि ताट त्यांच्याच हाती दिले. बापू म्हणाले, की माझे हात अजून रक्ताचे आहेत. महाराज म्हणाले, की ज्याने ही भाकर दिली, त्याचेही होते. मग त्यांनी विचारले, "पंगत कुठं थांबली होती?"

"गवराबाईपासून तीन माणसं अलीकडे."

"मग आता तिच्यापासून सुरू करा."

बापू ताट घेऊन वळले. गवराबाई सांडलेल्या चुन्यात उभी होती. त्यांनी तिच्यासमोर ताट धरले. तिने भाकरीचा तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि खाल्ला. इतक्या वर्षांची भूक होती, तरी तो तुकडा तिने फार सावकाश खाल्ला. बापूंनी ताट शेजारच्याकडे दिले आणि तिच्या पायावर डोके ठेवायला ते वाकले.

तिने त्यांना खांद्याला धरून थांबवले. "पाया नका पडू, बापू," ती म्हणाली. "मघाशी म्हाराजांनी हाळी दिली, तिचं उत्तर तुमच्या नातवानं दिलं. तुमचं ऱ्हायलंय."

एज्राबापू वाकलेल्या मानेनेच म्हणाले, "खरोखर उठला आहे." त्यांचा आवाज इतका हळू होता, की गवराबाईवाचून तो कुणाला ऐकू गेला नाही.

पुढच्या शनिवारी निंबाखाली कुणी रेघ ओढली नाही. प्रभूने ज्यांना आपले म्हटले, त्यांना आपण परके म्हणू नये, एवढी सद्बुद्धी तो आपणा सर्वांना देवो. आमेन.